भिंतीवरची नवरी

कुसाकारी तात्सुओला जन्मभर बाईचा एकच चेहरा काढता आला. पुरुष म्हणाल तसे काढी. चपट्या नाकाचे, दाढीवाले, चोर, फौजदार, काय हवं ते. घोडा काढला तर तो कागदावरून उधळेल असं वाटे. पण बाई काढायला बसला की हात आपल्या वाटेनं जाई आणि तोच चेहरा उमटे. लांबट, शांत, भुवया एकमेकींपासून जरा दूर, खालचा ओठ किंचित पुढे. आणि डोळे असे, की तुमच्याकडे बघता बघता ते तुमच्या मागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघताहेत. केस बदलून, टोपी चढवून, म्हातारी हवी तर गालावर दोन रेघा ओढून तो वेळ निभावून नेई.

हा चेहरा कुठून आला हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. आईचा नव्हे, आई गोल तोंडाची. शाळेतल्या कुठल्या मुलीचाही नव्हे. यामागाताकडच्या त्यांच्या गावी बर्फात कोंडून पडायचे दिवस असत. तशात चेरीच्या बागेतल्या अवजारांच्या खोलीत बसून पोरवयात त्यानं तो पहिल्यांदा काढला, आणि शेवटची पापणी ओढल्यावर त्याला वाटलं की कुणीतरी दारातून आत आलं. घाबरून त्यानं कागद शेगडीत घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायला बसला. माणूस ज्याला भितो त्याच्याच वाटेला जातो, त्याला काय करणार.

अठराव्या वर्षी तो टोकियोला गेला आणि एका नावाजलेल्या मास्तरांच्या हाताखाली लागला. तिथला रिवाज असा, की चेहरे फक्त मास्तरांनी काढायचे, शागिर्दांनी घरं, खांब, झाडं आणि पाऊस. पावसाच्या रेघा ओढता ओढता त्याची उमेदीची वर्षं गेली. मग एका साप्ताहिकात त्याची स्वतःची चित्रकथा सुरू झाली. गावोगाव पायी हिंडणारी एक बाई कुणाच्याही दारात उभी राहते आणि पाणी मागते, आणि ज्या घरात तिला पाणी मिळतं त्या घरातलं गेलेलं माणूस एका रात्रीपुरतं परत येतं. एवढीच कथा. पण लोक वेडे झाले. वाचकांची पोस्टकार्डं पोत्यानं येत, आणि ती सगळी त्या बाईच्या नावानं येत.

संपादक ओनुकी हा तिरकस माणूस होता. तो म्हणायचा, मास्तर, तुमच्या बायका काढलेल्या नसतात, शिक्क्यानं उठवलेल्या असतात. नायिका तीच, तिची सासू तीच, मासळीवालीही तीच. त्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही. तात्सुओ हसून सोडून देई. मनात मात्र त्याला वाटे, हा शिक्का माझ्या हातात नाही, मीच त्याच्या हातात आहे.

फुमिए त्याच्या चित्रांच्या पानांवर शाईनं काळं भरायला यायची. बसक्या नाकाची, मोठ्यानं हसणारी. दोघांनी लग्न केलं. मुलगी झाली त्या दिवशी पानं द्यायची होती, ओनुकी शेजारच्या खोलीत गुडघ्यावर हात ठेवून बसला होता, आणि तात्सुओ पाणी मागणाऱ्या बाईच्या पापण्या ओढत होता. इस्पितळात तो तिसऱ्या दिवशी पोचला. मुलीचं नाव कानाए ठेवलं. ती बसायला लागली, चालायला लागली, बोलायला लागली, आणि हे सगळं दुसऱ्या खोलीत झालं.

कानाए चार वर्षांची असताना फुमिएनं सामान बांधलं. भांडण नाही, आदळआपट नाही. दारात उभं राहून तिनं एकच प्रश्न विचारला.

"कानाए हसली की खळी कुठल्या गालाला पडते?"

तात्सुओनं विचार करून सांगितलं, "उजव्या."

"हे बघून सांगायचं असतं, आठवून नाही," फुमिए म्हणाली, आणि मुलीचा हात धरून सेंदाईला माहेरी निघून गेली.

पुढं कार्डं आटली. साप्ताहिकानं एका हिवाळ्यात कथा बंद केली. बाप वारला तसा तात्सुओ गावी परतला आणि चेरी बघू लागला. गावात त्याला मास्तरच म्हणत. त्यात निम्मा मान आणि निम्मी थट्टा. सेंदाई काही समुद्रापार नव्हतं, डोंगराच्या पलीकडेच. पण जो दोन खोल्यांमधलं दार ओलांडू शकला नाही तो डोंगर काय ओलांडणार!

देवळाचे पुजारी, ज्यांना सगळे ओशोसान म्हणतात, ते एके दिवशी बागेत आले. आमच्या खोऱ्यात लग्नाआधी गेलेल्या पोरांची लग्नं चित्रात लावतात. आईबाप नवरानवरीचं चित्र काढून घेतात आणि देवळात टांगतात, म्हणजे पोर तिकडं एकटं राहत नाही. लग्नाला आमच्या जुन्या बोलीत मुकासारी म्हणतात, म्हणून त्या चित्रालाही मुकासारी. ही चित्रं काढणारा म्हातारा वारला होता, आणि आनझाईंच्या तोमेकाकू मुलासाठी अडून बसल्या होत्या. त्यांचा कात्सुमी मोटरसायकलवरून वळणावर गेला होता.

ओशोसाननी नियम सांगितला. "नवरा गेलेला, नवरी मनातली. जिवंत बाईचा चेहरा चुकूनही उतरू द्यायचा नाही. उतरला तर पोरगा तिला घ्यायला येतो." आधीच्या चित्रकाराच्या हातून तरुणपणी एकदा तोफूवाल्याच्या मुलीचा चेहरा उतरला होता म्हणे, आणि पुढच्या चेरीच्या हंगामापर्यंत ती पोर राहिली नाही. खरं-खोटं कुणी तपासलं नाही. पण आमच्याकडे कुणी ते हसण्यावारीही नेत नाही.

तात्सुओला उलट हायसं वाटलं. जगात कुठंच नसलेली बाई काढायची, हे एकच तर त्याला येत होतं.

कात्सुमीच्या शेजारी डोक्यावर नवरीचं पांढरं वस्त्र घेतलेली ती बसली. तोमेकाकू चित्रासमोर बराच वेळ बसल्या, मग म्हणाल्या, सून देखणी आहे, आणि संध्याकाळी तात्सुओच्या घरी अळकुड्यांच्या रश्शाचं पातेलं पोचलं, व्याह्यांच्या घरी पाठवतात तसं. मग खालच्या आळीतून बोलावणं आलं, मग नदीपलीकडून. लढाईत गेलेल्यांच्या म्हाताऱ्या बहिणी आल्या. हात एकच, चेहरा एकच. देवळाच्या भिंतीवर ती नवरी ओळीनं बसत गेली, दर वेळी नव्या नवऱ्याशेजारी. शरदात नदीकाठी जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचंच, "मास्तर, एकच पोरगी किती घरांत नांदवणार?" आईबापांना त्याचं काही नव्हतं. त्यांना भिंतीवर आपल्या मुलाखेरीज कुणी दिसतच नसे. उलट सून एक म्हणून त्या घरांमध्ये येणंजाणं सुरू झालं.

एकच गोष्ट तात्सुओच्या मनात काट्यासारखी रुतली होती. तोमेकाकूंना सून स्वप्नात दिसे. त्या सांगत, ती उंबऱ्यापर्यंत येते, पण आत येत नाही. पाठमोरी उभी राहते आणि रस्त्याकडे बघते, जशी कुणाची वाट बघतेय. आपल्या चित्रकथेचं शेवटचं पान तात्सुओनं तसंच काढलं होतं, आणि तोमेकाकूंनी जन्मात चित्रकथा वाचलेली नव्हती.

अशी कितीतरी वर्षं गेली. एका वर्षी केशरी खाकीफळं सोलून वाळवायला वळचणीला टांगायच्या दिवसांत तात्सुओ ओसरीवर सुरी घेऊन बसला होता. फाटकाशी पावलं वाजली. त्यानं मान वर केली आणि हातातलं फळ खाली पडलं. फाटकात ती उभी होती. लांबट चेहरा, दूर दूर भुवया, किंचित पुढं आलेला खालचा ओठ.

"थोडं पाणी मिळेल का?" ती म्हणाली.

तात्सुओच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता या घरातलं गेलेलं कोण परत येणार? तो उठला, आत गेला, पेला भरून घेऊन आला. तिनं उभ्या उभ्या पाणी संपवलं.

"बसथांब्यापासून चढ फार आहे," ती म्हणाली. "मी कानाए."

ओसरीवर बसून तिनं सगळं सांगितलं, सरळ, पाठ करून आल्यासारखं. वसंतात तिचं लग्न होतं, कचेरीतल्याच एका मुलाशी. आईनं तिला पाठवलं नव्हतं, तीच आली होती. लग्नाच्या हॉलबाहेर हल्ली नवरानवरीचं चित्र ठेवतात, येणाऱ्यांचं स्वागत म्हणून. ते त्यानं काढावं एवढीच तिची मागणी होती. "बाकीच्यांचे वडील भाषण करतात. ते तुम्हाला जमणार नाही, मला माहीत आहे. पण चित्र जमेल."

ती बोलत होती आणि तात्सुओ तिच्याकडे बघू शकत नव्हता. हा चेहरा त्यानं तिच्या जन्माच्या कितीतरी आधी काढला होता. पोर त्याच्यात वाढत वाढत येऊन पोचली होती. आणि वर देवळात ती मेलेल्या मुलांशेजारी नवरीच्या पांढऱ्या वस्त्रात ओळीनं बसली होती. ते बसवणारा हात त्याचा होता.

"मी नाही काढणार," तो म्हणाला.

कानाएनं रिकामा पेला खाली ठेवला. "दुसऱ्यांच्या मुलांची लग्नं काढता म्हणे. बसचा ड्रायव्हर सांगत होता."

"ती वेगळी."

"हो. ती दुसऱ्यांची मुलं," ती म्हणाली आणि उठली. उठताना तिचा तोल गेला. खांबाला धरून तिनं डोळे मिटले, ओठ पांढरे पडले. तात्सुओ पुढं झाला तसा तिनं हात आडवा केला. काही नाही, म्हणाली, गेलं वर्षभर येतेय अशी चक्कर. डॉक्टर सांगतात रक्त कमी आहे. डोळ्यांपुढं सगळं पांढरं होतं आणि कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं, बस.

तात्सुओनं चपला पायात सरकवल्या आणि एक शब्द न बोलता तो फाटकाबाहेर पडला. पोर बघतच राहिली. तिला वाटलं असेल, पुन्हा एकदा दुसऱ्या खोलीत गेला. तिचं काय चुकलं?

तो तडक तोमेकाकूंच्या घरी गेला. त्यांनी हो म्हटलं की बाकीचे म्हणणारच. काकू मुळे मिठात घालत होत्या. त्यानं धापा टाकत सांगितलं, की चित्रातली नवरी पुसू द्या, रंग देऊन झाकतो, मग दुसरी काढीन.

"तुला दुसरी येते का रे?" काकूंनी विचारलं.

तात्सुओ मिठाच्या पिंपाकडं बघत राहिला.

"नांदत्या सुनेला घराबाहेर काढायला आलास. का, ते तरी सांग. इतकी वर्षं माझा कात्सुमी शांत आहे. त्याच्या शेजारची जागा रिकामी करू आणि त्याला काय सांगू?"

"काकू, ती माझी मुलगी आहे," तात्सुओ म्हणाला. "जिवंत आहे. घरी आलीये." आणि इतक्या वयाचा तो माणूस मिठाच्या पिंपाशेजारी खाली बसून रडायला लागला.

तोमेकाकूंनी हात धुतले, काठी घेतली आणि म्हणाल्या, चल, दाखव मला.

घरी कानाए नव्हती. शेजारणीनं सांगितलं, पाहुणी देवळाकडं गेली, मास्तरांची चित्रं कुठं आहेत म्हणून विचारत होती. देवळाच्या पायथ्याशी तात्सुओ थबकला. म्हातारीनंच त्याला हाताला धरून पायऱ्या चढवल्या.

देवळाच्या दालनात ओशोसान एका कोपऱ्यात खिळून उभे होते. कानाए भिंतीसमोर होती. ओळीतल्या प्रत्येक चित्रापुढं ती थांबत होती, नवऱ्याचं नाव वाचत होती आणि पुढं सरकत होती. पावलांचा आवाज ऐकून ती वळली. भिंतीवर ती आणि भिंतीपुढं ती. ओशोसाननी माळ काढून मंत्र पुटपुटायला सुरुवात केली.

"माझी इतकी लग्नं झाली," कानाए म्हणाली, "आणि मला आमंत्रण नाही?"

बोलली ती थट्टेच्या सुरात, पण हसली नाही. तात्सुओनं मग सगळं सांगितलं. नियम, तोफूवाल्याची पोर, आणि आपण चित्राला नाही का म्हणालो ते. आयुष्यात त्यानं मुलीशी एका दमात इतकं बोलणं केलं नव्हतं. ऐकता ऐकता ती खाली चटईवर बसली. आपल्याला येणारी चक्कर, ती हाक, हे तिच्या डोळ्यांपुढून जात असणार, कारण तिनं कात्सुमीच्या चित्राकडं एकदा बघितलं आणि पटकन नजर वळवली.

तोमेकाकू तिच्याजवळ गेल्या, तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं फिरवला आणि बराच वेळ निरखला. मग वैतागून म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांत धुकं आलंय. मला सगळ्या पोरी सारख्याच दिसतात. तात्सुओ, चेहरे काढणारा तू ना? मग बस इथं आणि नीट बघून सांग, ही ती आहे का नाही. ती असली तर मी स्वतः माझ्या सुनेला भिंतीवरून उतरवते."

ओशोसाननी कुंचला आणि कागद आणून दिला. तात्सुओ मुलीसमोर बसला. पन्नास वर्षं चेहरा काढणाऱ्या त्या माणसानं समोर बसवून कुणाचाही चेहरा कधी काढला नव्हता.

पहिल्या कागदावर भिंतीवरची उमटली. दुसऱ्यावरही तीच, अगदी पापणीसकट. दालनात गारवा होता, आणि त्याला मागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटत होतं.

"तुम्ही माझ्याकडं बघतच नाही आहात," कानाए म्हणाली. "कागदाकडं बघताय."

त्यानं तिसरा कागद घेतला आणि ठरवलं, की कागद फाटला तरी चालेल, नजर हलवायची नाही. हात पहिलीतल्या मुलासारखा चालू लागला, अडखळत, वाकडातिकडा. डावी भुवई मध्येच तुटलेली होती.

"हे काय?"

"दुसरीत असताना. झोपाळ्यावरून पडले."

हनुवटीखाली एक पांढरी रेघ होती. ती सायकलची, पाचवीतली. नाकाचं हाड उजवीकडं जरासं झुकलं होतं. शाळेत चेंडू लागला होता, आई तेव्हा कामावर होती, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या होत्या. त्या कशाच्या, असं त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, आई मला हसवते त्याच्या. त्या फुमिएसारख्याच होत्या. तात्सुओ विचारत गेला, ती सांगत गेली, आणि कुंचला प्रत्येक खूण कागदावर ठेवत गेला. भिंतीवरच्या नवरीच्या अंगावर यांतली एकही खूण नव्हती. असणार कशी? ती कधी पडली नव्हती, तिला कधी लागलं नव्हतं, ती कागदावर होती. कानाएला लागलं तेव्हा तिचा बाप तिथं नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच त्यातलं काही त्याच्या हातून भिंतीवर गेलं नाही. पोरीला वाचवलं असेल तर त्याच्या नसण्यानं. हे त्याला कळलं आणि ते सहन होण्यासारखं नव्हतं.

"ही ती नव्हे," तो म्हणाला.

ओशोसाननी मंत्र थांबवला. तोमेकाकू भिंतीकडं वळल्या. तिथं ती होती तशीच बसली होती, आणि इतक्या माणसांच्या मागं उभ्या असलेल्या कुणाकडं तरी बघत होती.

"मग ही कोण रे?" काकूंनी हळू विचारलं.

पोरवयात त्या अवजारांच्या खोलीत दारातून कोण आत आलं होतं, ते तात्सुओला आजही ठाऊक नव्हतं.

"तुमची सून, काकू," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाची नाही."

"मग आता उंबऱ्यावर ताटकळू नको म्हणावं तिला. घरात ये," तोमेकाकू म्हणाल्या आणि काठीचं टोक कानाएकडं करून पुढं म्हणाल्या, "आणि तू ग. मला वाटलं सून फुकटात चालतीबोलती झाली, जरा मुळे तरी मिठात घालून घेऊ."

कानाए हसली. आधी नुसती ओठातल्या ओठात, मग आईसारखी मोठ्यानं. तात्सुओचा कुंचला हवेतच थांबला. मग त्यानं तो खाली टेकवला आणि कागदावरच्या गालावर एक ठिपका ठेवला, इतका हलका, की शाई लागली की नाही कळू नये.

"आईला सांग," तो म्हणाला, "डाव्या."